रॉड-कॉइल कोपॉलिमरचं मॉडेल लिहायचंय? मग आधी नुसत्या दांड्या रांगेत लावा

रॉड-कॉइल ब्लॉक कोपॉलिमरमध्ये, म्हणजे ताठ दांडीचा एक तुकडा आणि लवचिक गुंत्याचा एक तुकडा जोडलेल्या साखळ्यांत, लिक्विड क्रिस्टल ऑर्डर, म्हणजे दांड्यांची रांग, कशी येते याचं थिअरॉटिकल मॉडेल लिहायचं ठरलं की बहुतेक मुलं थेट सगळ्यात मोठ्या कामाला हात घालतात. पूर्ण सेल्फ-कन्सिस्टंट फील्ड थिअरी म्हणजे एससीएफटी (प्रत्येक साखळी इतरांच्या सरासरी फील्डमध्ये आहे असं धरून ते फील्ड जुळेपर्यंत सोडवणं), त्यात टेन्सर, त्यात प्रत्येक दिशेचा हिशोब, आणि मग कोड चालतो, कन्व्हर्ज पण होतो, म्हणजे आकडे हलायचे थांबतात, पण आलेला आकडा खरा की खोटा हे सांगायला कोणीच नसतं. ऐरोली-घणसोलीकडची एमएस्सी आणि पीएचडीची काही मुलं रविवारी अभ्यासाला जमतात, त्यांना मी जे सांगतो तेच इथे लिहितोय. आधी दोन छोटी मॉडेलं लिहा, ज्यांची उत्तरं जगाला माहीत आहेत, ती उत्तरं तुमच्या स्क्रीनवर आली की मगच दोन्ही जोडा. हा लांबचा रस्ता वाटतो, पण खरं तर हाच जवळचा आहे.

आधी चित्र डोळ्यासमोर येऊ दे. गणपतीच्या आधी नौपाड्यात, तलावपाळीच्या आसपास मंडपवाल्यांचे टेम्पो बांबू उतरवत असतात ते बघितलं असेल. बांबू थोडे असतील तर कसेही टाकले तरी चालतात, पण टेम्पो भरायचा असेल तर एकमेकांना समांतरच लावावे लागतात, नाहीतर मावतच नाहीत. आता समजा प्रत्येक बांबूच्या एका टोकाला काथ्याचा मोठा गुंता कायमचा बांधलेला आहे, सोडवता येत नाही, आणि काथ्याला बांबूच्या शेजारी राहायला आवडत नाही. बांबूंना एकमेकांना चिकटून रांगेत राहायचंय, गुंत्याला ऐसपैस जागा पाहिजे, आणि दोघांची गाठ एकच. रॉड-कॉइलचं सगळं भांडण एवढंच आहे. खऱ्या रेणूंमध्ये बांबूच्या जागी पॉलिफेनिलीन व्हिनिलीन, पॉलिपेप्टाइडचं अल्फा हेलिक्स, पॉलिहेक्सिल आयसोसायनेट अशा ताठ साखळ्या येतात आणि काथ्याच्या जागी पॉलिस्टायरीन किंवा पॉलिआयसोप्रीन.

या भांडणाचे आकडे चार. २००४ मध्ये प्रियामित्सिन आणि गणेशन यांनी एससीएफटीमध्ये मायर-साउपे टर्म, म्हणजे दांड्यांच्या समांतर राहायच्या ओढीची टर्म, घालून रॉड-कॉइलचं मॉडेल मांडलं, तेव्हापासून बरेच जण याच चार आकड्यांत बोलतात. पहिला काय-एन, म्हणजे फ्लोरी-हगिन्सचा पॅरामीटर गुणिले साखळीची लांबी, दोन ब्लॉकना एकमेकांचा किती तिटकारा आहे ते. दुसरा म्यू-एन, दांड्यांना समांतर राहायची किती ओढ आहे ते. तिसरा एफ, रॉडचा व्हॉल्यूम फ्रॅक्शन. चौथा न्यू, कॉइलचा रेडियस ऑफ जायरेशन (आरजी, गुंत्याचा सरासरी आकार) भागिले दांडीची लांबी. पहिल्या तिघांकडे सगळे लक्ष देतात, चौथ्याला कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते रॉड-कॉइलचं खरं वेगळेपण त्या चौथ्यातच आहे.

एक हिशोब हातानेच करून बघा. अल्फा हेलिक्समध्ये एका अमिनो आम्लामागे लांबी ०.१५ नॅनोमीटरने वाढते, म्हणजे १०० युनिटची दांडी १५ नॅनोमीटरची. तिला २०,००० मोलर मासचं पॉलिस्टायरीन जोडलं तर त्याचा रेडियस ऑफ जायरेशन साधारण ३.८ नॅनोमीटर, न्यू झाला ०.२५. आता दोन्ही ब्लॉक दुप्पट करा. दांडी सरळ ३० नॅनोमीटर झाली पण कॉइल फक्त वर्गमूळ दोनच्या पटीत वाढला, ५.४ च्या आसपास, आणि न्यू उतरला ०.१८ वर. केमिस्ट्री तीच, एफ तोच, तरी न्यू हलला. साध्या कॉइल-कॉइल कोपॉलिमरमध्ये काय-एन आणि एफ धरले की काम होतं, इथे साखळी लांब केली की तुम्ही फेज डायग्रामच्या (कुठल्या आकड्यांना कुठली रचना येते त्या नकाशाच्या) दुसऱ्याच पानावर जाता. पेपर वाचताना एन पूर्ण साखळीचा आहे की फक्त त्या ब्लॉकचा हे आधी तपासा, नाहीतर त्यांचे आणि तुमचे आकडे कधीच जुळणार नाहीत आणि कोडवर उगाच संशय घेत बसाल.

आता पहिलं छोटं मॉडेल, नुसत्या दांड्या, कॉइल नाही. इथे दोन जुन्या विचारसरणी आहेत. १९४९ मध्ये लार्स ऑन्सागरने दाखवलं की दांड्यांमध्ये काहीही ओढ नसली तरी फक्त एकमेकींची जागा अडते म्हणून गर्दी वाढली की त्या रांगेत येतात, टेम्पोतल्या बांबूंसारख्या. मायर आणि साउपे यांनी १९५८ पासूनच्या पेपरांत दुसरी बाजू धरली, दांड्यांमध्ये समांतर राहायची ओढ आहे असं मानलं आणि तापमान खाली आलं की ऑर्डर येते असं दाखवलं. पॉलिमर मेल्टमध्ये, म्हणजे वितळलेल्या पॉलिमरमध्ये, डेन्सिटी जवळपास स्थिर असते, म्हणून आपण मायर-साउपे घेतो, आणि त्याचं गणितही हलकं आहे.

ऑर्डर पॅरामीटर एस म्हणजे ३ कॉस² थीटा वजा १, भागिले २, या राशीची सरासरी. ही राशी म्हणजेच पी-टू. दांड्या कशाही पडल्या असतील तर एस शून्य, सगळ्या एकाच दिशेला असतील तर १. प्रत्येक दांडीला वाटणारी ऊर्जा वजा यू गुणिले एस गुणिले पी-टू, केटीच्या (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) युनिटमध्ये, यू म्हणजे ओढीची ताकद. कोड पायथनमध्ये वीसेक ओळींचा होतो. कॉस थीटा ० ते १ मध्ये ३२ गाउस-लेजांद्र पॉइंट घ्या, एस अंदाजे ०.८ धरून सुरू करा, त्या एसने बोल्ट्झमन वेट काढा, त्या वेटने पी-टूची नवी सरासरी काढा, तीच पुढचा एस, आणि हे आकडा हलायचा थांबेपर्यंत फिरवा. लॅपटॉप मांडीवर घेऊन ठाणे-वाशी लोकलमध्ये बसलात तर वाशी यायच्या आत लिहून आणि चालवून होईल इतकं छोटं आहे.

तपासायचे आकडे: यू ५ ठेवलात तर एस साधारण ०.६१ यायला पाहिजे. मग फ्री एनर्जी काढा, यू गुणिले एस² भागिले २, वजा लॉग झेड, जिथे झेड म्हणजे बोल्ट्झमन वेटचं ० ते १ इंटिग्रल. आयसोट्रॉपिकची (दांड्या कशाही पडलेल्या) फ्री एनर्जी शून्य, आणि नेमॅटिकची (दांड्या एका दिशेला, पण थर नाहीत) बरोबर शून्याला टेकते यू ४.५४१ ला, तिथे एस ०.४२९. म्हणजे ऑर्डर हळूहळू वाढत नाही, शून्यावरून एकदम ०.४३ वर उडी मारते, फर्स्ट ऑर्डर ट्रान्झिशन. यू ५ च्या वर गेलात की आयसोट्रॉपिक अवस्था स्वतःहूनच कोसळते. पण ४.५४ ते ५ च्या मध्ये दोन्ही उत्तरं टिकून राहतात आणि सुरुवात कुठून केली त्यावर कोड कुठे थांबतो ते ठरतं. हे इथेच मनात पक्कं बसवा कारण पुढे मोठ्या कोडमध्ये हेच दहापट अंगावर येतं.

लॉग झेडच्या आधीची ती यू एस² भागिले २ ची टर्म विसरू नका. प्रत्येक दांडी इतरांच्या फील्डमध्ये आहे असं धरलं की प्रत्येक जोडीची ऊर्जा दोनदा मोजली जाते, ती टर्म तेवढं परत करते. ती राहिली तर एस अगदी बरोबर येतो, कारण एसच्या समीकरणात ती नाहीच, आणि ट्रान्झिशन मात्र चुकीच्या जागी येतं, म्हणून चूक लवकर सापडत नाही.

हेच रॉड-कॉइलशी जोडायचा एक छान पूल आहे. मेल्टमध्ये रॉड आणि कॉइल अजून वेगळे झाले नाहीत, सगळीकडे एकसारखे मिसळलेत असं धरा, आणि मायर-साउपे टर्म वजा म्यू भागिले २ गुणिले ऑर्डर टेन्सरचा (एसचंच सगळ्या दिशा धरणारं रूप) स्वतःशी गुणाकार अशी लिहा. मग कागदावर चार ओळींत निघतं की यू म्हणजे दोन-तृतीयांश म्यू-एन गुणिले एफ². एक एफ दांडीच्या लांबीचा आणि दुसरा शेजारी किती दांड्या आहेत त्याचा. म्हणजे नेमॅटिक येतो म्यू-एन गुणिले एफ² हे ६.८१ झालं की. एफ ०.५ असेल तर म्यू-एन २७.२ लागतो, एफ ०.७ असेल तर १३.९ मध्येच काम होतं. मोठा कोड तयार झाल्यावर काय-एन शून्य करून हे दोन आकडे मिळतात का बघायचं. टेन्सरच्या व्याख्येत कोणी ३/२ चा फॅक्टर वेगळा धरला असेल तर हे आकडे बदलतील, म्हणून आपली व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरं छोटं मॉडेल, दोन्ही ब्लॉक कॉइल, दिशा वगैरे काही नाही, एका मितीत लॅमेला, म्हणजे एकाआड एक थर. इथे साखळीचा प्रोपगेटर (साखळीचा तुकडा कुठे संपेल त्याचं वेट) डिफ्यूजनसारख्या समीकरणाने पुढे सरकतो, फक्त त्यात फील्डची टर्म असते. अर्धं पाऊल फील्डचं रियल स्पेसमध्ये, पूर्ण पाऊल डिफ्यूजनचं फुरिये स्पेसमध्ये, परत अर्धं पाऊल फील्डचं, आणि साखळीचे १०० ते २०० तुकडे पुरतात. लुडविक लाइब्लरने १९८० मध्ये दाखवलं की सिमेट्रिक डायब्लॉक काय-एन १०.४९५ ला ऑर्डर होतो आणि तिथे पिरियड (थरांच्या एका पूर्ण जोडीची जाडी) ३.२३ आरजी असतो. तुमचा कोड १०.३ ला सपाट उत्तर देतोय आणि १०.८ ला लाट देतोय का ते बघा, अगदी १०.५ वर तपासत बसू नका, तिथे लाट इतकी बारीक असते की कन्व्हर्ज व्हायला जीव जातो. आणि पिरियड तुम्ही ठरवायचा नसतो, बॉक्सची लांबी बदलत फ्री एनर्जी जिथे सगळ्यात कमी येईल तो खरा पिरियड.

आता जोडणी. कॉइलचा प्रोपगेटर तोच ठेवायचा, दांडीचा मात्र बदलतो, आणि इथे एक सोय आहे जी मला फार आवडते. ताठ दांडी डिफ्यूज होत नाही, गाठीपासून सरळ एका दिशेला जाते, म्हणून तिचं वेट म्हणजे त्या रेषेवरच्या फील्डची बेरीज घातांकात टाकायची, बस. ही बेरीज ग्रिडवर चालत जाऊन इंटरपोलेशनने करू नका. फील्डचा फुरिये ट्रान्सफॉर्म घ्या आणि प्रत्येक दिशेसाठी (ई घात आय-एक्स, वजा १) भागिले आय-एक्सने गुणा, जिथे एक्स म्हणजे वेव्ह नंबर गुणिले दांडीची लांबी गुणिले दिशेचा झेड घटक (झेड म्हणजे थरांना काटकोनातला अक्ष, मगाचचा लॉग झेडवाला झेड नाही). एक्स शून्य असेल तिथे १ ठेवा, नाहीतर पहिल्याच रनमध्ये सगळीकडे नॅन ("हा आकडाच नाही" असं कोडचं उत्तर) पसरेल. रॉडची डेन्सिटी काढताना हाच गुणक उलट्या चिन्हाने वापरायचा. इंटरपोलेशनची चूक पूर्ण गेली आणि वेगही वाढला.

दिशांसाठी कॉस थीटाचे ३२ पॉइंट आणि आडव्या कोनाचे (झेड अक्षाभोवती फिरणाऱ्या) १६ घ्या, झेडवर ६४ पॉइंट, सगळे मिळून ३२,७६८ आकडे, साध्या लॅपटॉपला काहीच नाही. दोन मितींत गेलात की २१ लाखांच्या आसपास होतात, तेव्हा मेमरीचा विचार करा. पण एक बदल विसरू नका, पहिल्या मॉडेलमध्ये कॉस थीटा ० ते १ पुरत होता, इथे वजा १ ते १ लागतो. दांडीला आता डोकं आणि शेपूट आहे, एका टोकाला कॉइल आहे, दुसऱ्याला नाही. दांड्यांची आपसातली ओढ वर-खाली ओळखत नाही पण साखळी ओळखते. अर्धाच गोल घेतला तर सगळ्या गाठी एकाच बाजूला येतात आणि बायलेअर (उलटसुलट तोंडाच्या दांड्यांचा दुहेरी थर) कधी दिसतच नाही.

आणि स्मेक्टिक-सी, म्हणजे दांड्या थरांत पण तिरक्या कललेल्या. ग्रुपमधल्या एका मुलीने विचारलं होतं, "दादा, पेपरात दांड्या तिरक्या होतात, माझ्याकडे काही केल्या होत नाहीत, फॉर्म्युला चुकलाय का?" तिने स्क्रीनवर ऑर्डर टेन्सरचे घटक काढून दाखवले, झेड-झेड मस्त वाढलेला, एक्स-एक्स बरोबर वजा निम्मा, आणि एक्स-झेड शून्य, पहिल्या इटरेशनपासून शेवटपर्यंत शून्य. मी म्हटलं, "फॉर्म्युला बरोबर आहे गं, पण तू सुरुवातच सरळ उभ्या दांड्यांनी केलीस, मग त्यांनी डावीकडे कलायचं की उजवीकडे हे त्यांना सांगणार कोण?" समीकरणं सिमेट्री आपणहून मोडत नाहीत. तिने सुरुवातीच्या अंदाजात दांड्या ३० अंश कलवल्या आणि तेच पॅरामीटर परत चालवले, एक्स-झेड टिकून राहिला आणि फ्री एनर्जी सरळ उभ्या उत्तरापेक्षा खाली गेली. आडव्या कोनाचे पॉइंट वाचवायला जे लोक फक्त थीटा ठेवतात त्यांना स्मेक्टिक-सी मिळूच शकत नाही, ती बचत करू नका.

दांड्या कलतात का, हे समजलं की पूर्ण विषय समजला. सरळ उभ्या दांड्या दाटीने लागल्या की प्रत्येक गाठीला मिळणारी जागा ठरून जाते, दांडीच्या जाडीएवढीच. कॉइलला तेवढ्यात भागत नाही, तो वर ताणला जातो आणि ताणाची किंमत एन्ट्रॉपीत मोजावी लागते. दांड्या कलल्या की दर गाठीमागची जागा १ भागिले कॉस थीटा पटीत वाढते, ४५ अंशांना १.४१ पट, आणि दांड्या एकमेकींना समांतरच राहतात, त्यांचं फारसं काही जात नाही. कॉइल आणखी मोठा केला तर कलणंही पुरत नाही, थर तुटतो. विल्यम्स आणि फ्रेड्रिक्सन यांनी १९९२ मध्ये हॉकीच्या पकसारख्या चपट्या चकत्यांची कल्पना मांडली, आत दांड्या, वर-खाली कॉइल. आणि १९९६ मध्ये चेन, थॉमस, ओबर वगैरेंनी पॉलिहेक्सिल आयसोसायनेट आणि पॉलिस्टायरीनच्या साखळ्यांत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली झिगझॅग आणि बाणाच्या टोकासारख्या रचना दाखवल्या, तिथे तिरक्या दांड्या प्रत्यक्ष दिसतात. थिअरीच्या बाजूने सेमेनोव आणि वासिलेंकोचं १९८६ चं मॉडेल आणि ते १९९८ मध्ये एससीएफटीने सोडवणारा मॅट्सन-बॅरेटचा पेपर, हे दोन मी कोड लिहायच्या आधी वाचायला लावतो.

कन्व्हर्जन्सबद्दल थोडक्यात. सुरुवातीला साधं मिक्सिंग, नव्या फील्डचा ५ ते १० टक्के भाग, डोलणं कमी झालं की अँडरसन मिक्सिंग (मागच्या काही पायऱ्या मिळून पुढचा अंदाज). फेजेसमधला फरक कित्येकदा साखळीमागे केटीच्या हजाराव्या भागाएवढाच असतो, म्हणून फ्री एनर्जी सहाव्या दशांशापर्यंत स्थिर होईपर्यंत सोडू नका. प्रत्येक पॅरामीटरला निदान पाच सुरुवाती द्या: आयसोट्रॉपिक, नेमॅटिक, स्मेक्टिक-ए (थरांत सरळ उभ्या दांड्या) मोनोलेअर, स्मेक्टिक-ए बायलेअर, आणि कललेला स्मेक्टिक-सी. प्रत्येकाचा पिरियड वेगळा शोधायचा आणि मगच एनर्जी शेजारी-शेजारी मांडायच्या. एकाच सुरुवातीवरून काढलेल्या फेज डायग्रामवर मी विश्वास ठेवत नाही, कितीही रंगीत असो.

डायग्राम काढताना आडव्या अक्षावर एफ, उभ्यावर काय-एन, आणि म्यू भागिले काय हे गुणोत्तर एका डायग्रामसाठी स्थिर ठेवा, कारण तापमान उतरवलं की दोन्ही साधारण बरोबरच वाढतात, मग वरून खाली नाही तर खालून वर जाणं म्हणजे थंड करणं. न्यूचे दोन-तीन वेगळे डायग्राम काढा. लॅबशी ताडून बघायचं असेल तर रबाळे-महापेच्या पट्ट्यातल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना डीएससीची (तापमान बदलताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजायची) सवय असते, त्यात नेमॅटिक ते आयसोट्रॉपिकचा बारीक पीक शोधा. एक्स-रे स्कॅटरिंगचा पहिला पीक ०.३१४ प्रति नॅनोमीटरला असेल तर थर २ पाय भागिले ०.३१४, म्हणजे २० नॅनोमीटरचा. त्या २० मध्ये दांडीचा वाटा दांडीच्या लांबीपेक्षा कमी निघाला तर कलण्याचा संशय घ्यायला जागा आहे, पण कॉइलचा वाटा आधी नीट वजा करा.

या मॉडेलची हद्दही ओळखून ठेवा. मायर-साउपेच्या दांड्या मऊ आहेत, शेजारी-शेजारी लागून क्रिस्टल होणं यात नाही, म्हणून पॉलिथायोफीनसारखा ब्लॉक जिथे क्रिस्टलच होतो तिथे हे उत्तर अपुरं पडेल. आणि दांडी पर्सिस्टन्स लेंग्थपेक्षा (साखळी जेवढ्या अंतरापर्यंत सरळ राहते ती लांबी) बरीच लांब असेल तर ती ताठ राहत नाही, वाकते, तेव्हा सरळ रेषेची सोय सोडून वर्म-लाइक चेन घ्यावी लागते, जिथे दिशा स्वतःच गोलावर डिफ्यूज होत जाते. त्या कोडची पहिली टेस्ट पण तयारच आहे, वाकण्याचा मॉड्युलस खूप मोठा ठेवा आणि म्यू-एन गुणिले एफ² ला ६.८१ येतंय का ते बघा.